८५व्या मिनिटाचा कट

भाच्याच्या प्लेस्टेशनवर फुटबॉल खेळताना मी हरत नाही, मला हरवलं जातं. हा फरक घरात कुणालाच कळत नाही.

आता बघा, ८५व्या मिनिटापर्यंत मी दोन-एकने पुढे असतो, आणि अचानक माझा संघ पहिल्यांदा सासरी जेवायला बसलेल्या जावयासारखा अवघडतो. बचावपटू एकमेकांची तोंडं बघत उभे राहतात, गोलकीपर हातात आलेला बॉल समोरच्याच्या पायाशी सोडतो, मी पास देतो डावीकडे तर तो रेषेपार जातो उजवीकडे, आणि ते सावरायला मी मागून घसरून टॅकल करतो तर पंच लाल कार्ड काढतो. भाचा दोन गोल मारतो आणि पोहे मागतो.

गेम खेळणारी पोरं याला 'मोमेंटम' म्हणतात. म्हणजे गेम स्वतःच ठरवतो, आता याला दाबायचं, त्याला वर काढायचं. हाफटाइमच्या आणि फुलटाइमच्या तोंडावर तर हमखास. मला हे ऐकल्याबरोबर पटलं. आपला सगळा गचाळपणा ज्यात खपून जातो, त्या सिद्धांताला पुरावा कोण मागतो?

आणि पुरावा होताही! फुटबॉलचा हा गेम बनवणाऱ्या ईए या कंपनीकडे गेमची काठिण्यपातळी खेळता खेळता बदलण्याच्या तंत्राचं पेटंट आहे, आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियात तिघांनी त्यावरून चक्क कोर्टात दावा ठोकला होता. हे मी घरी सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनला सांगितलं, दाढी करताना न्हाव्यालाही सांगितलं. पुढचं सांगायला मात्र कुणाकडेच गेलो नाही. कंपनीने त्या तिघांना तांत्रिक तपशील दाखवला, इंजिनिअरांशी बोलू दिलं, आणि २०२१ मध्ये त्यांनी दावा मागे घेतला. पेटंट आहे, पण फिफा, मॅडन किंवा एनएचएल या आपल्या गेममध्ये ते वापरलेलंच नाही, असं कंपनीचं म्हणणं.

त्यापेक्षा राजरोस मोमेंटम दाखवणारे गेम बरे. 'मॅडन २२' या अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये तर मोमेंटमचा काटाच स्क्रीनवर असतो. मैदान डेन्व्हरचं असेल तर तिथल्या उंचीमुळे पाहुण्या संघाला धाप लवकर लागते. 'कॉलेज फुटबॉल २५'मध्ये यजमानांच्या प्रेक्षकांनी गलका केला की पाहुण्याचा स्क्रीन थरथरतो. आपल्या नेहमीच्या फुटबॉलमध्येही 'पीईएस २०१४'ने 'हार्ट' नावाची भानगड आणली होती, प्रेक्षक आणि सहकारी यांच्यामुळे खेळाडूचं मन वरखाली व्हायचं. मला हे मनापासून आवडतं. हरताना निदान काट्याकडे बोट तरी दाखवता येतं. आमच्याकडे प्रेक्षक म्हणजे स्वयंपाकघर. मी पेनल्टी घ्यायला उभा राहिलो की नेमका चटणीचा मिक्सर सुरू होतो, आणि भाच्याच्या पेनल्टीला बायको गॅससुद्धा बारीक करते.

शेवटी भाच्यालाच दया आली. खेळाडूच्या नावाखाली एक बारीकशी पट्टी असते, तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "मामा, ही याची ताकद. बघ, साठाव्या मिनिटालाच संपत आलीय. तू आर-टू सोडतच नाहीस!" आर-टू म्हणजे जोरात पळायचं बटण. पहिल्या शिट्टीपासून माझं बोट त्यावर घट्ट, गोलकिक असो, थ्रो-इन असो, खेळाडू जखमी होऊन पडलेला असो. मला वाटलं होतं कंट्रोलर तिथेच धरायचा असतो.

पुढच्या मॅचला बोट सोडलं. अकराही जण सकाळच्या फेरीला निघालेल्या पेन्शनरांच्या तब्येतीने चालले, कुणाची पट्टी तसूभर हलली नाही, कुणाला घाम फुटला नाही, आणि भाच्याने चार गोल चढवले तेव्हाही सगळे ताजेतवाने होते.

त्या दिवशी मोमेंटम पहिल्याच मिनिटाला आला.