यूबाकाठचा झारेकरी

बँकेच्या सोनेतारण विभागात माझी ३१ वर्षं गेली. एवढ्या काळात लोकांच्या पाटल्या, बिलवर, चपलाहार इतके हाताळले की कॅलिफोर्नियात मुलगा म्हणाला, "बाबा, सोन्याच्या गावांना जाऊ," तेव्हा मी सवयीनं विचारलं, "तारण काय?"

रस्ता ४९ नंबरचा. १८४९ साली सोन्यापायी जे लोंढे आले, त्यांच्यावरून हा आकडा. कोलोमाला लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला २४ जानेवारी १८४८ रोजी पिवळे कण दिसले. ती जागा पाहिली, फोटो काढला, डब्यातला शिरा खाल्ला. मार्शल पुढे कफल्लक होऊन मेला. गिरणीचा मालक सटर, तोही बुडाला. पैसा केला सॅम ब्रॅननने, कारण तो सोनं शोधत बसला नाही, शोधणाऱ्यांना फावडी-घमेली विकत बसला. मराठी माणसानं यातून काय घ्यावं हे मी गाडीत सविस्तर सांगितलं आणि डाउनीव्हिलला उतरल्या उतरल्या दुकानातून परात विकत घेतली. किंमत विचारू नका. डॉलरला रुपयानं गुणायचं नाही, अशी हिची ताकीद आहे.

डाउनी नदी उत्तर यूबाला मिळते तिथं, डोंगरांच्या ओंजळीत हे गाव आहे. एके काळी हजारोंची वस्ती होती, आता काही शे माणसं. मोबाइलला रेंज नव्हती. पुलावर ही बराच वेळ थांबली. जुलै १८५१ मध्ये इथं होसेफा नावाच्या मेक्सिकन बाईला जमावानं पुलावरून फाशी दिलं. तिनं एका खाणवाल्याला भोसकलं होतं. आदल्या रात्री तो तिच्या दारात शिरला होता. गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणाऱ्या गावाला बाईचं आडनाव काही नीट नोंदवता आलं नाही. ही म्हणाली, "चला, खाली जाऊ."

खाली पाणी वितळलेल्या बर्फाचं. हिनं परातीत वाळू घेतली आणि तांदूळ रोळावेत तशी रोळायला लागली. सोनं पाण्याच्या १९ पट जड; वाळू काठावरून जाते, ते तळाला राहतं. मला राहवेना. सराफकट्ट्यावर गटारातली माती धुणारे झारेकरी मी आयुष्यभर पाहिलेले. परात घेतली, वाकलो, आणि शर्टाच्या खिशातून काहीतरी 'डुबुक्' झालं.

गाडीची किल्ली. मुलगा कॉफी आणायला जाताना विश्वासानं ठेवायला दिलेली.

मी काही बोललो नाही. नुसता रोळत सुटलो. दहा मिनिटं, गुडघाभर पाण्यात, दोन्ही हातांनी. "बाबांना सोन्याचा ताप चढला," म्हणत मुलगा कॉफी घेऊन आला आणि व्हिडिओ काढू लागला. एकदा तळाशी चकाकलं, मी ओरडलो. अभ्रक निघालं. एकतीस वर्षांच्या अनुभवाला अभ्रक!

शेवटी कबुली दिली. दुसरी किल्ली घरी, चार तासांवर. मुलगा काही बोलला नाही. तेच मला झोंबलं. ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. त्यानं बूट काढले, मांडीभर पाण्यात शिरला. मी मागून त्याचा टी-शर्ट घट्ट धरला. तो सहा वर्षांचा असताना वाईच्या घाटावर अशीच त्याची चड्डी धरून उभा असायचो.

"बाबा, सोडा, तुम्हीच पडाल."

सोडलं नाही.

"अहो, खडे कुठं राहतात रोळताना?" काठावरून ही म्हणाली. "जिथं पाण्याचा जोर कमी, तिथं. त्या धोंड्यामागं बघ रे." खाणवाल्यांचंही हेच शास्त्र: धोंड्याआड पाणी मंदावतं, सोनं तिथंच बसतं. मुलानं हात घातला. आधी बिअरचं झाकण आलं, मग एक खिळा, मग किल्ली.

तिचं बटण मेलं होतं. पोटातल्या लोखंडी पात्यानं दार उघडलं, तर गाडी चोर समजून बोंबलायला लागली. पुलावर चार माणसं जमली. गावाचा इतिहास नुकताच ऐकला असल्यामुळे मी हिच्या मागं उभा राहिलो.

नेव्हाडा सिटीला रेंज आली आणि मुलाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. खाली मजकूर: 'बाबांना सापडलं!' गाडीत हीटर लावून मी पायमोजे वाळवत होतो. पहिलं उत्तर पुण्याहून, साडूंचं, पहाटे उठून लिहिलेलं:

"अभिनंदन! किती तोळे?"