आधीचं की नंतरचं?

मेंडोलिनच्या शौकिनांत दोन पंथ आहेत. जबलपूरच्या चेरीतालात बसून त्यांतल्या एकात नाव घालायला फारसा खर्च नाही. बरे हेडफोन आणि रात्री जागायची तयारी पुरते.

भांडण अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या वाद्यांवरून: आधीची बरी की नंतरची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची त्यांची मेंडोलिनं लंबगोल भोकाची. आवाज घुमारेदार, आजोबा तोंडात विडा ठेवून बोलतात तसा. मग 1922 मध्ये लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली एफ-5 निघालं. व्हायोलिनसारखी दोन भोकं, लांब मान, वरच्या फळीखाली आतून दोन पट्ट्या. स्वर कसा सुटा, धारदार, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. पण तोवर मेंडोलिनची हौसच ओसरली होती, आणि 1924 अखेर लोअरही कंपनीतून गेले. पुढे बिल मन्रो यांना असंच एक एफ-5 फ्लोरिडातल्या न्हाव्याच्या दुकानात सापडलं. त्या वाद्यावर त्यांनी ब्लूग्रास नावाचं अख्खं संगीत उभं केलं. 1985 मध्ये कुणीतरी घरात शिरून त्याचा चुराडा केला. कारागिरांनी ढलपी-ढलपी जोडून ते परत बोलतं केलं. आता हे कुठल्या सालातलं धरायचं, ते पंथवाल्यांनी ठरवावं.

आपल्याकडे मात्र वाद्याची जन्मतारीख कुणी विचारत नाही. संगीतकार सज्जाद हुसेन आमच्याच मध्य प्रदेशातल्या सीतामऊचे. पडद्यांच्या, टण्णकन वाजून विझणाऱ्या या वाद्यातून ते मींड काढत! लक्ष्मीकांत कुडाळकरही संगीतकार होण्याआधी मेंडोलिनच वाजवत.

जुनं-नवं नुसत्या कानाला कळतं का, याची 2010 मध्ये इंडियानापोलिसला व्हायोलिनवर एक परीक्षा झाली. वादकांना काळे चष्मे घातले, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तर लावलं. (वासावरून स्वर ठरवणारे आपणच नाही, हा केवढा दिलासा!) घरी न्यायला कुठलं आवडेल, असं विचारल्यावर 21 पैकी 13 जणांनी नवं व्हायोलिन निवडलं. समोर जुनं, नावाजलेलं स्ट्रॅडिव्हेरियस असताना.

मी स्वतः लंबगोल भोकाच्या बाजूचा. रात्री गल्ली निजल्यावर एफ-5 अंगावर येतं. माझं हे मत मी शेजारच्या काकांना दोन्ही वाद्यांची रेकॉर्डिंगं, आधी लंबगोलवालं, ऐकवून सांगितलं. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले, एके काळी ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचे. डोळे मिटून त्यांनी दोन्ही ऐकली.

"काए बड्डे," ते म्हणाले, "पहिल्याच्या तारा गंजल्यात वाटतं."

इतकी वर्षं मी ज्याला लाकडाचं मुरणं समजत होतो, त्यात गंज किती, हे आता कोणाला विचारावं? काकांना त्यावरून आपलं कपाटावरचं मेंडोलिन आठवलं. उतरवून, पुसून त्यांनी त्याच्या आठही तारा बदलल्या आणि सुरात लावून एक जुनी गत छेडली.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "पुन्हा नवीन आणलंत? केवढ्याला?"