गोळी एक, वागणं दोन

"सुनंदा, शेवग्याच्या शेंगा घे गं. आणि नणंद कशी आहे तुझी?"

"ऑपरेशन झालं, काकू. आता टॅमॉक्सिफेन, रोज २० मिलिग्रॅम, ५ वर्षं. पण डॉक्टर म्हणतात, गर्भाशयाकडेही लक्ष ठेवा. दुखणं स्तनाचं, मग गर्भाशय कुठून आलं मध्येच?"

"अगं, ती गोळी दोन घरी दोन तऱ्हांनी वागते. स्तनात इस्ट्रोजेनची वाट अडवते, आणि गर्भाशयात स्वतःच इस्ट्रोजेनगिरी करते."

"बाई गं, दुतोंडी!"

"तिला कशाला बोल लावतेस? सगळी करणी सोबत्यांची. पेशीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असतो. इस्ट्रोजेन बसलं की त्याच्या अंगाची एक घडी फिरते आणि खाच मोकळी होते. त्या खाचेत मदतनीस प्रथिनं येऊन बसतात. टॅमॉक्सिफेन बसलं तर तीच घडी खाचेवर आडवी पडते."

"आणि मदतनीस करतात काय?"

"तुझ्या हातातला लोकरीचा गुंडा बघ. डीएनए असाच हिस्टोन प्रथिनांवर गच्च गुंडाळलेला असतो. मदतनीस हिस्टोनला अ‍ॅसिटिल चिकटवतात, गुंडा सैल होतो, मग कुठे जनुक वाचता येतं."

"म्हणजे नाव इस्ट्रोजेनचं आणि राबणारे भलतेच! आमच्याकडच्या सत्यनारायणासारखं."

"तर काय! १९९५ साली ह्यूस्टनला बर्ट ओ'मॅली यांच्या प्रयोगशाळेत एसआरसी-१ नावाचा मदतनीस सापडला. पुढे २००२ मध्ये कळलं, गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींत हा एसआरसी-१ भरपूर, स्तनाच्या पेशींत बेताचा. भरपूर असला की खाच बंद असूनही तो रिसेप्टरला दुसऱ्या टोकाला धरतो. संशोधकांनी त्या पेशींतला एसआरसी-१ घटवून पाहिला, तर गोळीची इस्ट्रोजेनगिरीच थांबली."

"मग वन्संना गोळी बंद करायला सांगू?"

"छे! फायदा मोठा, धोका लहान. पण पाळी गेलेली आहे ना तिची? नुसता डाग दिसला तरी लगेच डॉक्टरांकडे जायचं."

"लाजून सांगायच्या नाहीत हो त्या."

"मग तू खोदून विचार. त्यात तुझा हात कोण धरणार?"