सामानवाले

कार्यशाळेला सगळ्यांत आधी पोचतात ते सामानवाले. बचत गटांचं प्रशिक्षण असो की शिक्षकांचं, सभागृहाला कुलूप असतानाच ते पायरीवर बसलेले असतात. शेजारी रेक्झिनची फुगलेली बॅग. त्यात चार्ट पेपरची गुंडाळी, सुतळी, कात्री आणि स्टेपलर मात्र दोन. कारण दहा नंबरची पिन चोवीस-सहाच्या स्टेपलरला चालत नाही, यावरून कुठल्याशा शिबिरात उडालेला गोंधळ त्यांनी पाहिलेला असतो.

आत शिरताच ते भिंती तपासतात. सेलोटेप म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. तो काढताना डिस्टेंपरचा पोपडा सोबत येतो आणि पुढच्या वेळी शिपाई किल्ली देत नाही. म्हणून मास्किंग टेप. मग प्रोजेक्टर. पाहुण्यांच्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय आणि सभागृहाच्या प्रोजेक्टरला पंधरा पिनांचं जुनं व्हीजीए, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. कन्व्हर्टर पायमोज्यात गुंडाळलेला निघतो. पायमोजा धुतलेला असतो, असं ते न विचारता सांगतात.

पाहुणे मोठ्या उत्साहात म्हणतात, "आपण सहा गट करू या."

"पाच करा," मागून आवाज येतो. "मार्कर पाच आहेत."

गट पाच होतात. सहभागी पद्धतीवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी या माणसाला एकदा भेटायला हवं होतं. मार्कर देताना त्यांचा चेहरा लेक सासरी धाडणाऱ्या बापासारखा होतो. "टोपण लावताना टक् आवाज आला पाहिजे," एवढं बजावून ते गटागटातून फिरत राहतात. चर्चा कशावर चालली आहे ते त्यांच्या कानावरही पडत नाही. उघडं टोपण मात्र सभागृहाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं.

त्यांचं खरं सत्र दुपारनंतर रंगतं. जेवणाच्या सुस्तीत पाहुणे पांढऱ्या बोर्डावर ठळक अक्षरांत 'सक्षमीकरण' लिहितात, तेही परमनंट मार्करने. डस्टर फिरतं, ओला रुमाल फिरतो; सक्षमीकरण जागचं हलत नाही. सामानवाले शांतपणे पुढे येतात. बोर्ड मार्करने तोच शब्द पुन्हा गिरवतात, वेलांटीसकट, आणि ओलं आहे तोवर पुसतात. ताज्या शाईतल्या द्रावणाने खालची शाई सुटते. बोर्ड लख्ख! दिवसभर जांभया देणारे सगळे ताठ बसतात. पहिल्यांदाच कुणीतरी वहीत काहीतरी टिपून घेतं.

संध्याकाळी अभिप्राय फॉर्म भरून घेतात तेव्हा "आज काय शिकलात?" या प्रश्नापुढे निम्म्या जणांनी बोर्ड पुसण्याची युक्ती लिहिलेली असते. पाहुणे ते फॉर्म वाचायला मागतात. तोवर सामानवाल्यांनी गठ्ठा बॅगेत घातलेलाही असतो.

"वाचून परत द्या पण," ते नाखुशीने गठ्ठा काढतात. "पाठकोरे आहेत. पुढच्या कार्यशाळेत गटकार्याला लागतील."