आवृत्तिमाहात्म्य

१९७४ साली तीन चिमुकल्या पुस्तिकांत सामावलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाच्या नियमसंहितेची प्रकाशकांनी २००३ मध्ये चक्क ‘साडेतिसरी’ आवृत्ती काढून अपूर्णांकास जी प्रतिष्ठा दिली, तिच्याबद्दल विद्वज्जनांनी कृतज्ञच राहावयास हवे. या खेळात चिलखताचा अंक जितका लहान तितके ते अभेद्य, हा सिद्धान्त २००० साली फर्मान निघून उलटा झाला, आणि राक्षसांनीही तो बिनतक्रार मान्य केला. २००८, २०१४ की २०२४ सालची आवृत्ती, यांतील प्रमाण ग्रंथ कोणता, याचा निवाडा होईपर्यंत आमच्या मंडळींनी खेळ तहकूब ठेवला असून वीसपैलू फासा अद्याप वेष्टनातच आहे. गुहेतील ड्रॅगन दरम्यान वार्धक्याने वारला; त्याच्या मृत्यूची नोंद कोणत्या आवृत्तीनुसार करावी, हा प्रश्न तूर्त विचाराधीन आहे.