दुसऱ्या एनमधली दारू

इंग्रजीत 'कॅनन' नावाचे दोन शब्द आहेत. उच्चार एकच, पण एकाच्या पोटात एक एन आणि दुसऱ्याच्या पोटात दोन. एक एनवाला साहित्याच्या दरबारातला. कोणते ग्रंथ प्रमाण मानायचे आणि कोणते लेखक अभ्यासक्रमात कायमचे ठाण मांडून बसणार, त्या मानकऱ्यांची यादी म्हणजे हा कॅनन. दोन एनवाला म्हणजे तोफ. दुसऱ्या एनमध्ये दारू ठासलेली असते, एवढं लक्षात ठेवलं की काम भागायला हवं. पण भागत नाही. एखाद्या थोर कवीला 'पाश्चात्त्य तोफेत मानाचं स्थान' देणारी वाक्यं चांगली शिकलेली माणसंही इंग्रजीत लिहून जातात. उलट दिशेनंही अपघात होतात. जहाजावर दोरखंड तुटून गडगडत सुटलेली तोफ कोणाला चिरडेल याचा नेम नसतो, म्हणून बेभरवशाच्या माणसाला इंग्रज 'सुटी तोफ' म्हणतात. तिचा एक एन गळाला की त्या माणसाचा 'सुटा धर्मग्रंथ' होतो आणि बिचारा उगाच पूजनीय वाटू लागतो.

अशा चुकीवर शुद्धलेखनवाले तुटून पडतात. माझ्या मते हा गोंधळ अडाणीपणाचा नाही, भाऊबंदकीचा आहे. दोन्ही शब्दांचा मूळपुरुष एकच: ग्रीक भाषेतला 'कान्ना', म्हणजे बोरू किंवा वेत. बोरूचे गुण दोन. तो सरळ असतो आणि आतून पोकळ असतो. सरळपणा उचलला तो 'कानोन' झाला: आधी मोजायची काठी, मग नियम. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लीटस या शिल्पकारानं मानवी शरीराच्या प्रमाणबद्धतेवर ग्रंथ लिहिला, त्याचं नावच 'कॅनन'. इसवी सन 367 मध्ये अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशिअसनं नव्या करारातले 27 ग्रंथ कोणते, ते पत्र लिहून सांगितलं. काठी धर्माच्या हाती आली ती अशी. साहित्यिकांच्या याद्यांना हे नाव चिकटलं ते त्यानंतर पुष्कळ शतकांनी. पोकळपणाचा वारसा दुसऱ्या शाखेकडे गेला. लॅटिनमध्ये 'कान्ना' म्हणजे नळी, इटालियनमध्ये 'कान्नोने' म्हणजे मोठी नळी, आणि मोठ्या नळीत माणसानं काय भरलं ते जगाला ठाऊक आहे. म्हणजे सरळपणा साहित्याला मिळाला आणि पोकळपणा तोफेला. ही वाटणी उलटी झाली, असं म्हणणारे समीक्षक निघतील. त्यांच्याकडे पुरावाही असेल.

यावर पहिला आक्षेप असा, की संदर्भावरून अर्थ कळतोच, मग एका अक्षरासाठी एवढा जीव का काढायचा? एरवी कळतो, हे मान्य. पण साहित्य आणि तोफ ही दोन क्षेत्रं आपल्याला वाटतात तेवढी लांब नाहीत. 29 जून 1613 रोजी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात शेक्सपिअरच्या 'आठवा हेन्री' या नाटकाचा प्रयोग चालू होता. राजाच्या आगमनासाठी तोफ उडवली, ठिणगी गवती छपरावर पडली आणि नाट्यगृह जळून गेलं. एका प्रेक्षकाची विजार पेटली, ती बिअर ओतून विझवली. यादीतल्या पहिल्या मानकऱ्याचं घर तोफेनंच जाळलं, तर संदर्भावर भरवसा किती ठेवायचा? दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. 1623 च्या शेक्सपिअरच्या संग्रहात, 'हॅम्लेट'मध्ये आत्महत्येविरुद्धच्या ईश्वरी नियमाचा उल्लेख आहे आणि तिथं हा शब्द चक्क दोन एन घालून छापला आहे. प्रत्यक्ष शेक्सपिअरला चाललं, मग आम्हाला का नाही? कारण त्या काळी स्पेलिंग पक्कं झालेलं नव्हतं. परमेश्वरानं आत्महत्येविरुद्ध तोफ रोखली आहे की कायदा केला आहे, हे वाचकालाच ठरवावं लागे. स्पेलिंग पक्कं करण्याचा फायदा हाच, की देवाच्या हातात काय आहे ते तळटीप न वाचता कळतं.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. देवनागरीत दोघेही 'कॅनन'च, मग मराठी माणसानं एन कशाला मोजायचे? त्यातून नामसाधर्म्याचा तिसरा कॅनन आपल्याकडे छायाचित्रं काढत फिरतो. तो मात्र बोरूच्या वंशातला नव्हे. त्या जपानी कॅमेऱ्याचं 1934 मधलं पहिलं नाव 'क्वानॉन', म्हणजे करुणेची देवता, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तोच. पुढच्या वर्षी नाव बदललं आणि तो बोरूच्या घरात दत्तक गेला. एवढी गर्दी झाल्यावर मराठीनं एन मोजण्याऐवजी शब्द वेगळे करावेत, हे बरं. तोफेला तोफ आहेच. दुसऱ्याला 'अभिजात' म्हणून भागत नाही. तो गुण झाला, यादी नव्हे. मला 'मानदंड' पटतो. त्याचा अर्थच मोजायची काठी. कालिदासानं 'कुमारसंभवा'च्या पहिल्याच श्लोकात हिमालयाला पृथ्वीचा मानदंड केलं आहे. मानदंड म्हणजे कसोटी, यादी नव्हे, असं कोणी म्हणेल. पण ग्रीकांकडेही आधी काठीच होती, यादी मागाहून आली. आणि काठी बदलता येते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 मध्ये आला, तेव्हा चालू मापपट्टीवर तो मावत नव्हता. आज त्याच्यावाचून मराठी कवितेची यादी पुरी होत नाही. या शब्दात मान आणि दंड शेजारीशेजारी बसले आहेत, हाही त्याचा गुणच. मान कोणाला द्यायचा, दंड कोणाला करायचा आणि हे ठरवणाऱ्या समितीवर कोणाचे मेहुणे घ्यायचे, हे वाद स्पेलिंगनं मिटणार नाहीत. पण आपण पुस्तकांवर भांडतो आहोत की तोफखान्यावर, एवढं तरी समितीला कळेल.