यात्रा व आठवडे बाजार : नागर मंडळींस सविनय मार्गदर्शन

चैत्राची पालवी फुटली, म्हणजे शहरातल्या ज्या सद्गृहस्थाने गेल्या अकरा महिन्यांत दारावरच्या भाजीवाल्याखेरीज शेतीमातीतल्या कोणाशी चार शब्द बोललेले नसतात, त्याच्या चित्तात ग्रामजीवनाविषयी एकाएकी अनिवार ओढ उत्पन्न होते; आणि ही ओढ शुक्रवारी सायंकाळी उत्पन्न होऊन रविवारी रात्रीच्या जेवणाआधी शमली पाहिजे, अशी तिची मुदतही कचेरीच्या हजेरीपुस्तकाने आधीच मुक्रर करून ठेवलेली असते. अशा गृहस्थांच्या उपयोगार्थ, या कामी स्वतःचे पुष्कळ हसे करून घेतलेला प्रस्तुत लेखक आपली कैफियत पुढे रुजू करीत आहे.

पहिली अडचण पंचांगाची. ग्रामदेवतांना साप्ताहिक सुट्टी ठाऊक नाही. जोतिबाची यात्रा चैत्री पौर्णिमेस, शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढतात त्या चैत्र शुद्ध द्वादशीस आणि वाईजवळच्या बावधनचे बगाड निघते ते रंगपंचमीस. मग त्या दिवशी मंगळवार असो की तुमच्या हिशेबतपासनिसांची भेट असो. तेव्हा दिनदर्शिकेच्या चौकोनात बारीक अक्षरांनी छापलेली जी तिथी आपण केवळ संकष्टी हुकू नये म्हणून पाहतो, ती वाचण्याचा अभ्यास माघ महिन्यापासूनच ठेवावा, आणि यात्रा आडवारी आल्यास रजेचा अर्ज करावा. अर्जात ‘देवाचे काम’ असे न लिहिता ‘घरगुती कारण’ असे लिहावे. साहेबालाही एखादे गाव असतेच. पण त्याला त्याची आठवण लेखी करून देण्याचे प्रयोजन नाही.

या लेखाचे कार्यक्षेत्र खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तीन तालुक्यांपुरते आहे. पैकी जुन्नरवर 2018 साली विशेष पर्यटन तालुका अशी सरकारी मोहोर उमटलेली असल्यामुळे तिथे गेलेला मनुष्य भटकत नसून पर्यटन करीत असतो. उसात बिबट्या आहे असे कोणी सांगितल्यास मात्र ती अतिशयोक्ती समजू नये.

यात्रेस आगंतुक म्हणून जाऊ नये, पाहुणा म्हणून जावे; आणि पाहुणा होण्याची युक्ती इतकी सोपी आहे, की ती सांगताना संकोच वाटतो. इमारतीचा पहारेकरी, बाजार समितीतला माथाडी, रिक्षावाला अशा कोणाही परिचिताला एप्रिलच्या आरंभी ‘यंदा तुमची जत्रा केव्हा?’ एवढाच प्रश्न विचारावा. पुढचे सर्व तो पाहतो. मात्र एकदा तुम्ही ‘पाव्हणं’ ठरलात, की भूक ही तुमची खासगी बाब उरत नाही. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी मटण हा सर्वसाधारण शिरस्ता. परंतु यजमानाचा भाऊ, चुलता, मेहुणा आणि वाटेत भेटलेला त्याचा वर्गबंधू हे सगळेच ‘दोन घास खाऊन जा’ म्हणून हात धरतात, आणि ‘दोन घास’ या परिमाणात, माझ्या प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे, तीन भाकऱ्या बसतात. म्हणून पहिल्या घरी अर्धपोटी उठावे. पहिल्या घरी अर्धपोटी उठू देत नाहीत, ही या उपायातली एकमेव उणीव होय.

आता वर्गणी. घरटी पट्टी ठरलेली असते, मुंबईकर मंडळींची निराळी असते, आणि पाहुण्याकडून निघेल ती देणगी. ती मग कर्ण्यावरून चतुःसीमांना ऐकू जाईल अशी पुकारली जाते. एका गावी मी पाचशे एक रुपये देऊन रीतसर पावती घेतली. दुपारी आखाड्यात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या चालू असताना माझ्या आडनावाचा एक अपूर्व पाठभेद आणि त्यापुढे ‘पाच हजार एक’ असा आकडा माझ्या कानांवर आला. चूक दुरुस्त करावी या शुद्ध हेतूने मी निवेदकाकडे गेलो, तो त्याने ‘दानशूर पाहुणे स्वतः उपस्थित झाले आहेत’ असे पुकारून माझ्या मस्तकी फेटा चढवला आणि पुढची एक कुस्ती माझ्याच हस्ते लावली. वाचकहो, डोक्यावर फेटा असलेल्या मनुष्याला आकडा खाली आणता येत नाही. सायंकाळपर्यंत मंदिराचा जीर्णोद्धार, भजनी मंडळाचा पखवाज आणि शाळेचे गळके पत्रे अशा तीन दरखास्ती माझ्यापुढे आल्या. त्या तिन्ही मी सहानुभूतीने ऐकून घेतल्या, आणि उरलेले साडेचार हजार मुकाट्याने भरून रात्रीच तळ हलवला. तात्पर्य, पावतीवरचा आकडा अक्षरी लिहून घ्यावा, आणि निवेदकाच्या दहा पावलांत जाऊ नये.

बैलगाड्यांच्या शर्यतींविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या मे महिन्यात त्या बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात अटींवर मोकळ्या केल्या आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. मधल्या साडेसात वर्षांविषयी घाटावर बसून कोणतेही मत देऊ नये. अनुकूल तर नाहीच नाही, कारण त्यावरही उपप्रश्न निघतात. घाट म्हणजे इथे चढणीची धाव, आणि गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. पुढे घोडी, मागे बैल, अंगावर येणारा भंडाऱ्याचा लोट आणि हातात घड्याळे घेतलेले पंच. सगळा मामला पंधराएक सेकंदांत आटोपतो, म्हणजे पाहुण्याने छत्री उघडायला घेतली की बारी होऊन जाते. त्यासाठी वैशाखाच्या उन्हात चार तास तापायचे आणि ‘घाटाचा राजा’ कोण झाला यावर पुढे चार महिने बोलायचे, हा हिशेब शहरातल्या मनुष्याला जुळत नाही. तो जुळवू नये.

तमाशाचा हिशेब मात्र समजून घेण्याजोगा आहे. विठाबाई नारायणगावकरांच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, आणि गावोगावचे कारभारी तिथे येऊन घासाघीस करून सुपारी देतात. ज्या तिथीस पुष्कळ गावांच्या यात्रा, त्या रात्रीचा दर चढा आणि ज्या तिथीस कोणीच देव जागा नाही, त्या रात्रीचा उतरता. म्हणजे ज्या पंचांगाने तुमची रजा खाल्ली, तेच पंचांग इथे दरपत्रक होऊन बसलेले असते. पाहुण्याने पुढच्या रांगेत बसू नये. बतावणीतल्या सोंगाड्याला गॉगल आणि इस्त्रीचा सदरा फार लांबून दिसतो. गवळण झाली की उठून ‘लोककलेचा ऱ्हास’ हा विषय काढण्याची नागर मंडळींत प्रथा आहे. तिला फाटा देऊन वगाच्या अखेरपर्यंत बसावे, आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरीही पाहावी.

आठवडे बाजाराला तिथी नाही, वार आहे, आणि एवढ्याने सोय होईल असा समज कोणी करून घेऊ नये. चाकणचा बाजार शनिवारी भरतो हे ठीक. परंतु बेल्ह्याचा बैलबाजार सोमवारी. तिथे जाणाऱ्याने दोन्ही हात खिशात ठेवावेत, कारण तिथला सौदा तोंडाने न होता उपरण्याखाली बोटांनी होतो. माझ्या एका स्नेह्याने, दलालाने पुढे केलेला हात शिष्टाचार समजून हाती घेतला आणि सौजन्याच्या भरात दोनदा दाबला. पुढचा अर्धा तास तो आदत गोऱ्हा आपण का नेऊ शकत नाही, याची कारणे त्याला भर उन्हात द्यावी लागली. त्यांपैकी ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो’ हे एकच कारण ग्राह्य धरण्यात आले.

भाजीच्या बाजारात यापेक्षा गहन प्रश्न असतो तो ‘गावरान’ कशाला म्हणावे हा. नारायणगावचा टोमॅटो क्रेट भरभरून मोठ्या शहरांकडे जातो, पुण्याच्या मार्केट यार्डातला फ्लॉवर टेंपोत बसून इकडे येतो, आणि दोघांची वाटेत कुठेतरी गाठ पडत असावी. संत सावता माळ्याच्या नावाने सरकारने 2016 साली शेतकऱ्यांचे आठवडे बाजार शहरातच भरवण्यास आरंभ केला, तेव्हा वास्तविक हा प्रवासच अनावश्यक झाला होता. परंतु घराखाली मिळालेल्या वांग्याला धूळ नसते, आणि धुळीवाचून सोसायटीत सांगण्यासारखे काही उरत नाही. माझी कसोटी अशी, की ज्या मालाचे दोन नग सारखे नाहीत, ज्याच्याजवळ काटा नाही आणि जो विकणारीला घरी जाण्याची घाई आहे, तो माल गावरान. तिथे ‘पाव किलो द्या’ म्हणू नये. दशमान मापांचा कायदा 1956 साली झाला खरा. पण पोत्यावर मांडलेला वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे बसलेला आहे, आणि दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक आजही म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर असते.

खरेदीस योग्य वेळ बाजार मोडतानाची, कारण तेव्हा भाव पडतात. या तत्त्वास अनुसरून मी एका दिवेलागणीला, पाले उतरत असताना, सहा जुड्या मेथी पुढ्यात ठेवून बसलेल्या एका आजींपाशी उभा राहिलो. त्यांनी पंधराला दोन सांगितल्या. मी दहाला दोन म्हणालो. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या गाडीकडे पाहिले, सहाही जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या, वर मूठभर मिरच्या टाकल्या, माझे तीस रुपये कनवटीला लावले, आणि पोते झाडत म्हणाल्या, “धाला दोन तर धाला दोन. पर येष्टी गेली बग माजी. मला फाट्यावर सोड.”

नाही म्हणण्याची कोणतीही तरतूद माझ्या मार्गदर्शनात नव्हती. वाटेत गोडी शेव आणि भेळभत्त्याच्या पुड्या नातवंडांसाठी घेऊन आजी पुढच्या आसनावर बसल्या, आणि गाडी रस्त्याला लागताच त्यांनी माझी पिशवी मांडीवर घेऊन एकेक जिन्नस बाहेर काढावयास आरंभ केला. “ही वांगी कितीला घेतली?” मी सांगितले. त्यांनी वांगे उलटे करून देठ पाहिला, काही न बोलता पायाशी ठेवले आणि गवार उचलली. फाटा आला तेव्हा आम्ही कोथिंबिरीपर्यंत पोहोचलो होतो.